माळकरी घरात कोलेस्टेरॉल कुठून आले?

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने नाव न छापण्याच्या विनंतीसह पाठवलेले पत्र, थोडे संक्षेपाने:

“माझे वय ४६. माझे वडील ४८व्या वर्षी झोपेतच गेले. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला ४३व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, आता तो बरा आहे. आमचे घर तीन पिढ्यांचे माळकरी. मांस-मच्छी नाही, दारू-तंबाखू नाही, भाऊ दिवसभर शेतात राबतो, तरी त्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. डॉक्टरांनी सांगितले म्हणून मीही रक्त तपासले, तर माझे एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) २२८ आले. त्यांनी भावाच्या टाचेमागची शीर चाचपून पाहिली आणि हा आजार घराण्यातला दिसतो, सगळ्यांच्या तपासण्या करा, असे सांगितले. मला गोळी लिहून दिली आहे, पण ती मी सुरू केलेली नाही. एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते आणि लिव्हर खराब होते, असे सगळे म्हणतात. माझ्या थोरल्या मुलाला (वय २५) भावाची मुलगी (वय २२) करून घ्यायची असे आधीपासून ठरले आहे. दिवाळीनंतर सुपारी फोडायची आहे. दोघेही राजी आहेत. वहिनी म्हणते, आता रक्त तपासण्याचे खूळ काढू नका, उद्या मुलीला लोक नावे ठेवतील. धाकटी मुलगी १३ वर्षांची आहे, तिचेही तपासायचे का? मुलाने मोबाइलवर वाचले की अमेरिकेत हेलन हॉब्स नावाच्या डॉक्टरबाईंनी कोलेस्टेरॉल कमी ठेवणारा जनुकातला बदल शोधला आहे. मग आमचे जनुक बदलता येईल का? आणि रक्तातच असेल तर गोळीचा काय उपयोग?”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या क्रमाने मी उत्तरे देणार नाही, कारण सर्वांत निकडीची गोष्ट तुमच्या पत्रात जाता जाता आली आहे. सुपारी फोडण्याआधी तुमच्या मुलाचे आणि भाचीचे लिपिड प्रोफाइल करून घ्या. एका रक्ततपासणीचा प्रश्न आहे, आणि तिचा निकाल काहीही आला तरी तो आधी कळलेला बरा. असे का म्हणतो, ते समजण्यासाठी आजार नेमका काय आहे हे आधी पाहावे लागेल.

तुमच्या डॉक्टरांना ज्याचा संशय आहे त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. दवाखान्यात त्याचे नुसते ‘एफएच’ होते. साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला तो असतो, त्यामुळे त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत त्याचे निदानच होत नाही. यात रक्तातले एलडीएल जन्मापासूनच इतरांच्या सुमारे दुप्पट असते आणि ते वर्षानुवर्षे हृदयाच्या धमन्यांत, तसेच कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या शिरांमध्ये, साठत राहते. डॉक्टरांनी भावाची टाच चाचपली ती याचसाठी. तुम्हीही पाहा: पाय सैल सोडून बसा आणि टाचेच्या वर, पोटरीकडे जाणारी जाड दोरीसारखी शीर चिमटीत धरा. निरोगी माणसात ती एकसारखी आणि सपाट लागते, तर या आजारात ती अनेकदा जाड आणि गाठाळ लागते. हाताच्या बोटांच्या पाठीवर, मुठीच्या उंचवट्यांपाशीही अशा टणक गाठी येतात. घरोघरी या गाठींचे खापर चपलेवर नाहीतर कष्टाच्या कामावर फोडले जाते. तुमच्या वडिलांच्या टाचा कशा होत्या, हे आईला किंवा आत्याला जरूर विचारा. मात्र गाठी नसल्या म्हणून आजार नाही, असे समजू नका.

आता माळकरी घराचा प्रश्न. आहाराचा एलडीएलवर परिणाम होतो, पण अगदी काटेकोर पथ्याने ते साधारण १० ते १५ टक्के उतरते. तुमचे २२८ पथ्याने फार तर २००च्या आसपास येईल. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि एलडीएल मोठ्या प्रमाणात रक्तातून उचलून घेण्याचे काम यकृत करते. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर त्यासाठी रिसेप्टर असतात. गल्लीत फिरणाऱ्या घंटागाडीसारखे हे रिसेप्टर एलडीएल उचलतात, आत नेऊन रिकामे करतात आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा पृष्ठभागावर येतात. तुमच्यासारख्या घरात हा रिसेप्टर घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बहुधा सदोष असते, म्हणून गाड्या निम्म्याच आणि कचरा दुप्पट. शाकाहाराने कचरा थोडा कमी होतो, गाड्या वाढत नाहीत. तुमच्या भावाचे कष्ट आणि निर्व्यसनीपणा वाया गेला असे मात्र नाही. हेच एलडीएल घेऊन तो तंबाखू खात किंवा विड्या ओढत असता, तर धोका आणखी वाढला असता.

हे रिसेप्टर शोधले गेले ते अमेरिकेतल्या डॅलस शहरात, आणि तुमच्या मुलाने ज्यांचे नाव वाचले त्या हेलन हॉब्स यांनी संशोधनाचे धडे त्याच प्रयोगशाळेत घेतले. पण त्याआधीचा एक दुवा तुमच्या घराशी अधिक जुळणारा आहे. ओस्लोचे डॉक्टर कार्ल म्युलर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस, कंडरांवरच्या गाठी, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार ही तिन्ही लक्षणे एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चालत येतात, हे दाखवले होते. त्यानंतर १९६४ साली बैरुतमध्ये अव्हेदिस खचादुरियन यांनी लेबनॉनमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास केला. तिथेही नात्यात लग्ने करण्याची चाल होती. एकाच कुटुंबात त्यांना कोलेस्टेरॉलचे तीन ठळक स्तर दिसले: काहींचे सामान्य, काहींचे सुमारे दुप्पट, आणि ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली होती अशा मुलांचे सुमारे चौपट.

या तिसऱ्या स्तरातली, ६ आणि ८ वर्षांची दोन भावंडे जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील सरकारी संशोधन संस्थेत पाहिली. एवढ्या लहान वयात त्यांच्या धमन्या चोंदलेल्या होत्या. गोल्डस्टाइन आणि त्यांचे मित्र मायकेल ब्राउन यांनी पुढे डॅलसमध्ये अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्या पेशींना रक्तातले एलडीएल पकडताच येत नाही, हे १९७३-७४च्या सुमारास सिद्ध केले. १९८५चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. यकृताचे महत्त्व किती, याचा पुरावा १९८४ साली मिळाला. टेक्सासमधल्या एका सहा वर्षांच्या मुलीवर पिट्सबर्गमध्ये हृदय आणि यकृत यांचे एकाच वेळी प्रत्यारोपण करण्यात आले आणि नव्या यकृताने तिचे एलडीएल सुमारे ८१ टक्क्यांनी खाली आणले.

म्हणून मी सुपारीचा विषय आधी काढला. तुम्हाला हा आजार असेल तर तुमच्या मुलाला सदोष प्रत मिळण्याची शक्यता निम्मी आहे, आणि भावाच्या मुलीलाही तितकीच. दोघांनाही ती मिळालेली असण्याची शक्यता चारात एक येते. तसे असेल तरच त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून सदोष प्रत मिळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. तशा मुलांचे एलडीएल बहुधा ५००च्या वर असते. वेळीच उपचार झाले नाहीत तर दहा-वीस वर्षांच्या आतच त्यांना हृदयविकार गाठतो, आणि त्यांच्यावरचे उपचार आजही अवघड, खर्चिक आणि मोजक्या ठिकाणीच मिळणारे आहेत. उलट, दोघांपैकी एकाला आजार असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर या आजारापुरती त्यांची स्थिती बाहेरच्या स्थळाशी लग्न करण्याहून वेगळी राहत नाही. (मामाच्या मुलीशी लग्न करताना इतर आनुवंशिक आजारांचा धोका थोडा वाढतो, तो विषय स्वतंत्र आहे, पण तपासणीला जाल तेव्हा तोही डॉक्टरांना विचारा.) म्हणजे तपासणीने सोयरीक मोडेलच असे नाही. तुम्ही आत्ता जी भीती मनात धरून बसला आहात तिच्या जागी एक ठोस आकडा येईल, इतकेच. मोठ्या माणसांत एलडीएल १९०च्या वर आले तर संशय बळावतो. आकडा मधल्या पट्ट्यात आला तर जनुकीय चाचणी करावी. इतर वेळी मी तिचा आग्रह धरला नसता, कारण उपचार एलडीएलच्या आकड्यावरच ठरतात, पण तुमच्या घरात लग्नाचा प्रश्न आहे, म्हणून तो खर्च योग्य ठरेल. ती चाचणी आधी भावाची करावी. त्याच्यात नेमका कोणता बदल आहे हे कळले की बाकीच्यांत तेवढाच शोधता येतो.

दोघांनाही आजार निघाला तर काय करायचे, ते तुम्ही किंवा वहिनींनी ठरवायचे नाही. मुलगा २५ वर्षांचा आहे, मुलगी २२ वर्षांची. जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांसमोर दोघांनी एकत्र बसावे, गर्भजल तपासणीसह जे पर्याय आहेत ते समजून घ्यावेत आणि मग निर्णय घ्यावा. मोठ्यांचे काम एवढेच की त्यांच्यापासून काही लपवू नये. वहिनींची भीती मी खोटी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत अशी गोष्ट कशी पसरते आणि मुलाच्या बाबतीत कशी पोटात घातली जाते, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. पण त्यांच्या पतीला ४३व्या वर्षी झटका आल्याचे गावात सर्वांना माहीत आहेच. न तपासल्याने ते झाकले जाणार नाही, फक्त मुलीला उपचार मिळायला उशीर होईल. अहवाल मुलीच्या हातात द्यावा, गावभर सांगत बसू नये, हे मात्र त्यांचे म्हणणे रास्त आहे.

आता हॉब्स यांच्या कामाकडे येतो, कारण रक्तातच असेल तर गोळीचा काय उपयोग, या तुमच्या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत पटणारे उत्तर त्यात आहे. २००३ साली फ्रान्समधल्या एका गटाला काही घराण्यांत असे आढळले की तिथे रिसेप्टरचे जनुक धड असूनही एलडीएल वाढलेले आहे, आणि दोष पीसीएसके९ नावाच्या दुसऱ्याच जनुकात आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन रिसेप्टरला चिकटते आणि त्याला पृष्ठभागावर परत येऊ न देता पेशीच्या आतच नष्ट व्हायला पाठवते. ते प्रथिन गरजेपेक्षा जोमाने काम करू लागले की रिसेप्टर घटतात. हॉब्स आणि त्यांचे सहकारी जोनाथन कोहेन यांनी याच्या उलट विचार केला: हे जनुक एखाद्यात बंदच पडले असेल तर त्याचे एलडीएल कमी असायला हवे. मग आजारी माणसांऐवजी, डॅलस परगण्यातून निवडलेल्या हजारो सामान्य नागरिकांपैकी ज्यांचे एलडीएल सर्वांत कमी होते त्यांची जनुके त्यांनी वाचली. हा अभ्यास हॉब्स यांच्याच पुढाकाराने उभा राहिला होता आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते. पूर्वीचे बरेचसे अभ्यास गोऱ्या लोकांपुरते मर्यादित असत. नेमके इथेच फळ मिळाले, कारण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कृष्णवर्णीयांपैकी सुमारे २ टक्के लोकांमध्ये हे जनुक एका प्रतीत बंद होते.

या बदलाने हृदय खरोखर वाचते का, हे त्यांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या एका, १५ वर्षे चाललेल्या पाहणीतून तपासले. बंद प्रत असलेल्या कृष्णवर्णीयांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, पण त्यांच्यातला हृदयविकार मात्र ८८ टक्क्यांनी कमी होता. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर थोडे थांबा. स्टॅटिनच्या गोळीनेही एलडीएल २८ टक्के किंवा त्याहून जास्त उतरते, तरी पन्नाशी-साठीत गोळी सुरू करणाऱ्यांना इतका मोठा फायदा दिसत नाही. फरक काळाचा आहे. या लोकांच्या धमन्यांना पहिल्या दिवसापासून कमी एलडीएल मिळाले होते. तुमच्या घरात याच्या उलट झाले आहे. २२८ हा आकडा आजचा आहे, पण बहुधा ४६ वर्षे तुमच्या धमन्या असाच काहीसा आकडा सोसत आल्या आहेत. जनुकाने तुमचा आकडा ठरवला असेल, पण तो किती वर्षे तसाच राहू द्यायचा हे यापुढे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

याच संशोधनात एक ३२ वर्षांची स्त्री आढळली, जिच्या पीसीएसके९च्या दोन्ही प्रती निकामी होत्या. तिचे एलडीएल अवघे १४ होते आणि ती निरोगी होती. एलडीएल फार उतरले तर मेंदूवर किंवा बाळंतपणावर परिणाम होईल, ही भीती डॉक्टरांच्या मनातही होती, ती अशा माणसांमुळे बरीच ओसरली. पीसीएसके९ला रोखणारी इंजेक्शने त्यानंतर दहा वर्षांच्या आत, २०१५ साली, अमेरिकेत विक्रीला आली. जनुकाचा शोध आणि प्रत्यक्ष औषध यांत इतके कमी अंतर क्वचितच असते.

तुमचे जनुक बदलता येईल का? आज नाही. एका सलाइनमधून यकृतातले पीसीएसके९ कायमचे बंद करण्याच्या प्रयोगाचे अगदी मोजक्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाले. त्याची वाट पाहत बसण्याचे तुम्हाला काहीही कारण नाही, कारण तुमच्याकडे दुसरी, धड असलेली प्रत आहे. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ते रक्तातून ओढून घेण्यासाठी धड प्रतीच्या आधारे जास्त रिसेप्टर बनवते. रक्तात दोष असूनही गोळीचा उपयोग होतो तो असा. जोरकस मात्रेत एलडीएल निम्म्यावर येते. तेवढ्याने भागले नाही तर आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारे इझेटिमाइब जोडतात, आणि इंजेक्शनचा विचार त्याच्याही नंतर करतात. भावाला झटका येऊन गेला आहे, त्यामुळे त्याचे एलडीएल ५५च्या खाली ठेवावे लागेल. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली अतिजोखमीच्या रुग्णांसाठी हीच मर्यादा सांगितली आहे. तुमचे किती खाली आणायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी सुरू करण्याआधी थायरॉइडची तपासणी झाली आहे का, एवढे मात्र विचारून घ्या, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते.

गोळीविषयी ऐकलेल्या गोष्टींपैकी एक खरी आहे: ती जन्मभर घ्यावी लागते. दोष जन्मभराचा असल्याने त्याला इलाज नाही. यकृताची गंभीर इजा अत्यंत विरळा आहे. सुरुवातीला यकृताची रक्तचाचणी करून घ्यावी, पण वरचेवर ती करण्याची अटही अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ साली काढून टाकली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांमध्ये साखर किंचित वाढू शकते, म्हणून ती तपासत राहावी. अंगदुखीबद्दल लंडनमध्ये एक मार्मिक प्रयोग झाला. दुखण्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून देण्यात आले. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही नोंदला गेला. त्रास खोटा नव्हता, पण त्याचे कारण बहुतांशी औषध नव्हते. तरीही स्नायू खूप दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा.

धाकट्या मुलीची तपासणीही आताच करा. अशा घरातल्या मुलांत १६०च्या वर एलडीएल आले तर ते याच आजाराकडे बोट दाखवते आणि साधारण ८ ते १० वर्षांच्या वयापासून कमी मात्रेत स्टॅटिन देता येते. नेदरलँड्समध्ये लहानपणीच औषध सुरू केलेल्या २१४ मुलांचा २० वर्षे मागोवा घेतला गेला. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा झटका आला, तर त्यांच्याच आजारी आई-वडिलांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. भाचीला आजार निघून तिला गोळी सुरू झाली तर एक गोष्ट तिने स्वतः लक्षात ठेवावी: मूल हवे असे ठरेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची असते आणि बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यावर ती पुन्हा सुरू करतात.

एवढे झाले की वडिलांच्या भावंडांकडे वळा, कारण सदोष प्रत वडिलांकडून आली असेल तर चुलत आणि आतेभावंडांपैकीही काहींकडे ती असू शकते. सगळ्यांना फोन करून समजावत बसणे अवघड जाईल, म्हणून एक मजकूर देतो, तो तसाच पाठवा: “आमच्या घरात जन्मतः कोलेस्टेरॉल वाढलेले असण्याचा आजार निघाला आहे. माझे एलडीएल २२८ आहे, भावाला ४३व्या वर्षी झटका येऊन गेला. तुम्ही आणि तुमच्या मुलांनी एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या आणि अहवाल दाखवताना ही माहिती डॉक्टरांना सांगा.”